काटकोन हरवला तो शुक्रवार: सीएमएमचा कॉम्प्युटर बदलताना

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, चाकण-भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांसारखी. त्या शुक्रवारी पहिल्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरने स्टँडर्ड रूम, म्हणजे मोजमापाची खोली, उघडली, एसी लावला, हवेचा व्हॉल्व्ह फिरवला आणि सीएमएमच्या (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन, म्हणजे नगांची मापं घेणारं मशीन) कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा एकदा फुरफुरला आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी साडेआठला पोचले तेव्हा कॅबिनेटचं झाकण उघडं होतं आणि मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर टम्म फुगून बसलेले दिसत होते. एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट द्रावही आलेला.

कॉम्प्युटर मेला याचं दुःख कुणालाच नव्हतं. २००७ सालचा, त्यावर विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला, तेव्हापासून दरवर्षी कुणीतरी ‘हा बदलायला हवा’ म्हणायचं आणि दरवर्षी ‘चालतंय ना’ हे उत्तर यायचं. काळजी होती ती संध्याकाळच्या टेम्पोची. ॲल्युमिनियमच्या एका हाउसिंगचे ३२० नग पॅक होऊन पडले होते आणि त्यांच्यासोबत जाणारे सीएमएम रिपोर्ट अजून काढायचे होते.

मशीनबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पुलासारखं, म्हणजे ब्रिज पद्धतीचं सीएमएम. खाली ग्रॅनाईटचं टेबल, वर हवेच्या बेअरिंगवर सरकणारा पूल, त्यातून खाली येणारा क्विल आणि त्याच्या टोकाला साडेसात अंशांच्या टप्प्यांनी वळणारं डोकं. डोक्याला टच प्रोब, प्रोबला माणकाचा गोळा असलेली स्टायलस. गोळा नगाला टेकला की प्रोब सिग्नल देतो, त्या क्षणी तिन्ही स्केल वाचल्या जातात आणि एक बिंदू मिळतो. असे बिंदू जोडून सॉफ्टवेअर भोक, सपाट बाजू, अक्ष काढतं. मशीन हलवणारा कंट्रोलर वेगळ्या पेटीत, कॉम्प्युटर वेगळा, आणि दोघांमध्ये नऊ पिनांची सिरीयल केबल.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. माणूस सोमवारी येईल, आणि खरं तर नवीन सॉफ्टवेअर, नवीन कंट्रोलर असा पूर्ण अपग्रेड घ्यावा, कोटेशन मेल करतो, असं उत्तर आलं. मेल दहा मिनिटांत आला. आकडा पाहून साहेबांनी प्रिंटआउट टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, “आधी आजचं बघा.”

आमचा आयटीचा पोरगा हुशार आहे आणि मनापासून काम करतो. पुढे जे घडलं त्यात चूक त्याची कमी, आमची जास्त. त्याने स्टोअरमधून अगदी नवा कॉम्प्युटर आणला, विंडोज ११ वाला. तासाभरात दोन गोष्टी लक्षात आल्या. लायसन्सचा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती किल्ली, हिरवा, यूएसबीवाला. पण त्याचा सीडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चढतच नाही. दुसरं, नव्या कॉम्प्युटरला सिरीयल पोर्ट नाही. यूएसबी-टू-सिरीयलची वायर लावली तर तिला विंडोजने कॉम-७ नंबर दिला आणि आमचं सॉफ्टवेअर कॉम-४ च्या पुढे ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो नंबर कॉम-१ करता येतो आणि पोराने तो केलाही. पण डोंगलशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नव्हतं, तेव्हा त्या नंबराचा उपयोग काय?

मग अकाउंट्समधून निवृत्त झालेला एक जुना डेस्कटॉप आठवला. विंडोज ७, ३२ बिट, आणि मागे चक्क नऊ पिनांचा पोर्ट. विंडोज ७ चाही सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, त्यामुळे तो नेटवर्कला जोडायचा नाही असं तिथेच ठरलं. लॅनची वायर काढून पोर्टवर टेप मारली. ती टेप अजून आहे.

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क शाबूत होती. आयडीई डिस्क, ती रुंद पट्टीच्या केबलची. पोराकडे यूएसबीचा अडॅप्टर होता, पण डिस्कला वेगळी बारा व्होल्टची पॉवर लागते, ती कॉम्प्युटरच्या एका जुन्या पॉवर सप्लायवरून दिली. डिस्क घरघरली आणि दिसू लागली. त्याने मला विचारलं, “मॅडम, काय काय घ्यायचं?” मी म्हणाले, “पार्ट प्रोग्रामचा फोल्डर, रिपोर्टचा फोल्डर, प्रोबच्या फाइल्स. सॉफ्टवेअर सीडीवरून नवीन टाक, स्वच्छ राहील.”

हे वाक्य मी नीट उतरवून ठेवलंय, कारण चूक तिथे झाली.

स्वच्छ इन्स्टॉलेशन

सॉफ्टवेअर चढलं. आधी ड्रायव्हर, मग डोंगल. उलट केलं की विंडोज स्वतःचाच काहीतरी ड्रायव्हर लावून बसतं, हा धडा पोराने सकाळीच घेतला होता. स्क्रीनवर एक गंमत झाली. जुनं सॉफ्टवेअर चौकोनी मॉनिटरसाठी बनवलेलं, नवा मॉनिटर रुंद आणि बुटका, त्यामुळे एका खिडकीतलं ‘ओके’ बटण स्क्रीनच्या खाली गेलं होतं. दिसत नव्हतं, एंटर दाबलं की चालायचं.

कंट्रोलरशी बोलणं सुरू झालं. हवा पाच बारवर होती. जॉयस्टिकवरचं वेगाचं बटण दहा टक्क्यांवर आणून, एक हात इमर्जन्सी स्टॉपवर ठेवून होमिंग केलं. पूल सावकाश कोपऱ्यात गेला, तिन्ही अक्ष शून्यावर आले. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मग प्रोब क्वालिफाय केला. त्यासाठी टेबलावर २५ मिमीचा सिरॅमिकचा गोळा असतो. त्याला चोहोबाजूंनी स्पर्श करून सॉफ्टवेअर स्टायलसचा खरा व्यास आणि जागा काढतं. एक गोष्ट मात्र इन्स्पेक्टरच्या वेळेवर लक्षात आली: नव्या इन्स्टॉलेशनने गोळ्याचा व्यास गुळगुळीत २५.०००० धरला होता. आमच्या गोळ्याच्या सर्टिफिकेटवर आहे २४.९९८६. तो तसाच ठेवला असता तर प्रत्येक भोक १.४ मायक्रॉनने लहान आणि प्रत्येक शाफ्ट तेवढीच मोठी दिसली असती. आकडा दुरुस्त केला. क्वालिफिकेशनचा फॉर्म एरर (गोलाईतली चूक) दीड मायक्रॉनच्या आत आला. रोजच्यासारखाच.

अडीचला पहिला नग लागला. साडेतीनपर्यंत अकरा नगांचे रिपोर्ट निघाले. दहा पास, एक रिजेक्ट. मी सह्या केल्या. कुणीतरी वडापाव मागवले.

काका आले

साडेतीनला दुसरी शिफ्ट येते. दुसऱ्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरना सगळे काका म्हणतात. मशीन बसवलं त्या दिवसापासून ते त्यावर आहेत. कॉम्प्युटर बदललाय हे कळल्यावर त्यांनी वडापाव बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, “मास्टर लावला होता का?”

मास्टर म्हणजे त्याच हाउसिंगचा एक नग. बाहेरच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबमधून मोजून आणलेला, लाकडी पेटीत ठेवलेला. काका दर सोमवारी तो लावतात आणि एका वहीत सात आकडे लिहितात. कॉम्प्युटरमध्ये नाही, वहीत. आम्ही त्यांची त्यावरून थट्टा करायचो.

“नाही लावला,” मी म्हणाले. “सोमवारी लावता ना तुम्ही.”

त्यांनी पेटी उघडली. नग फिक्स्चरवर (नग धरायच्या पकडीवर) बसवला, प्रोग्राम चालवला आणि वही उघडून आकड्यांवर बोट फिरवत गेले. बोअरचे (भोकांचे) व्यास जुळले, एक मायक्रॉन इकडेतिकडे. भोक क्रमांक ३, जे मुख्य कडेला समांतर २४० मिमीवर आहे, तेही जुळलं. भोक क्रमांक ७ वर बोट थांबलं. हे भोक २४० मिमी आडवं आणि १८० मिमी उभं, तिरक्या टोकाला. वहीत कित्येक सोमवार त्याचा एक्स, म्हणजे आडवं अंतर, २४०.००४ च्या आसपास होता. स्क्रीनवर २४०.०१९.

पंधरा मायक्रॉन. मिलिमीटरच्या हजाराव्या भागातले पंधरा. कागदावर हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण त्या भोकाला पोझिशनची (जागेची) ०.०८ मिमीची टॉलरन्स, म्हणजे चालणारी तफावत, आहे आणि पोझिशनमध्ये विचलन दुप्पट मोजलं जातं.

साहेब आले. त्यांचं निदान लगेच तयार होतं: “गुरुवारी एसी बंद होता. टेम्परेचर.” निदान मुळीच खुळं नव्हतं. मोजमापाचं मानक तापमान २० अंश. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं. २४० मिमीचा नग तीन अंश गरम असेल तर साडेसोळा मायक्रॉन. म्हणजे दिसलेल्या चुकीच्या अगदी जवळ! मी तर मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला होता.

काका म्हणाले, “साहेब, टेम्परेचर असतं तर तीन नंबरपण वाढला असता. तोही २४० वरच आहे.”

खोलीत कुणी बोललं नाही. मग त्यांनी जे केलं ते मी आता दर नव्या इन्स्पेक्टरला दाखवते. नग फिक्स्चरवरून काढला, टेबलावर सपाट नव्वद अंशात फिरवून ठेवला, तीन क्लॅम्प लावले आणि तोच नग, तोच प्रोग्राम, नवीन अलाइनमेंट घेऊन पुन्हा मोजला. भोक सातचा एक्स आला २३९.९८९.

आधी पंधराने जास्त, आता पंधराने कमी. नग तोच, खोली तीच, प्रोब तोच. फिरवल्यावर नगाची स्वतःची चूक नगाबरोबर फिरते. मशीनची चूक मशीनपाशीच राहते, म्हणून नगाच्या हिशेबात तिचं चिन्ह उलटं होतं. दोन्हींची सरासरी २४०.००४, म्हणजे वहीतलाच आकडा. फरकाचा निम्मा पंधरा मायक्रॉन, तो मशीनचा. आणि १८० मिमीवर पंधरा मायक्रॉन म्हणजे मीटरला साधारण ८५ मायक्रॉन. एका कोनीय सेकंदाला (अंशाच्या ३६०० व्या भागाला) मीटरमागे ४.८५ मायक्रॉन पडतात, त्या हिशेबाने साडेसतरा सेकंद. मशीनचा एक्स अक्ष आणि वाय अक्ष यांच्यात काटकोनच नव्हता.

खात्रीसाठी काकांनी ४०० मिमीची लेंग्थ बार, म्हणजे नेमक्या लांबीची दांडी, काढली. टेबलावर ४५ अंशांत एकदा या कर्णावर, एकदा त्या कर्णावर. एकीकडे १७ मायक्रॉन लांब, दुसरीकडे १७ मायक्रॉन तोकडी. पत्र्याच्या चौकटीला कोपऱ्यातून दाबलं की एक कर्ण वाढतो आणि एक घटतो, तसंच. आमच्या मशीनची हमी त्या लांबीला ४.४ मायक्रॉनची आहे.

मशीन तर हललं नव्हतं. मग काटकोन गेला कुठे?

नकाशा

सीएमएमबद्दल बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं ते हे. ग्रॅनाईट कितीही घासलं, पूल कितीही नीट जोडला, तरी अक्ष पूर्ण सरळ आणि एकमेकांना पूर्ण काटकोनात कधीच बसत नाहीत. प्रत्येक अक्षाच्या सहा चुका असतात: लांबीची एक, सरळपणाच्या दोन, आणि सरकताना डोलण्याच्या तीन. तीन अक्षांच्या अठरा. त्यात अक्षांमधल्या काटकोनाच्या तीन. एकूण एकवीस. मशीन बसवताना लेझरने या मोजतात आणि एका फाइलमध्ये लिहितात. प्रत्येक बिंदू वाचला की सॉफ्टवेअर त्या फाइलमधून दुरुस्ती लावून मगच आकडा दाखवतं. तिला कुणी एरर मॅप म्हणतं, कुणी कॉम्प फाइल. नव्या मशीनमध्ये ती बहुधा कंट्रोलरमध्ये असते. आमच्या जुन्यावर वाटणी होती: स्केलच्या लांबीचं करेक्शन कंट्रोलरमध्ये, बाकीचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये.

आणि तो कॉम्प्युटर मेला होता.

सीडीवरून स्वच्छ टाकलेल्या सॉफ्टवेअरने फाइल नाही म्हणून तक्रार केली नाही. त्याने स्वतःची कोरी फाइल बनवली, सगळ्या दुरुस्त्या शून्य, आणि कामाला लागलं. लाल दिवा नाही, इशारा नाही. लांबीचं करेक्शन कंट्रोलरमध्ये शाबूत असल्यामुळे भोक तीन बरोबर येत होतं. व्यास बरोबर येत होते, कारण लहान अंतरावर काटकोनाची चूक दिसतच नाही. आणि प्रोब क्वालिफिकेशन? २५ मिमीच्या गोळ्यावर ८५ मायक्रॉन प्रति मीटरची तिरपाई जेमतेम अर्धा मायक्रॉन वाकवते. म्हणजे आम्ही ज्या परीक्षेवर भरवसा ठेवून सह्या केल्या, त्या परीक्षेत हा प्रश्नच नव्हता.

मी अकरा रिपोर्ट परत मागवले. टेम्पोवाल्याला चहा पाजला.

दोन फाइल्स

पोराचा चेहरा पडला होता. काका त्याला म्हणाले, “अरे, तुला कसं माहीत असणार? मलाच माहीत होतं आणि मी घरी होतो. कपाटातली निळी सीडी आण.”

निळ्या सीडीवर मशीन बसवतानाचा बॅकअप होता, त्यात कॉम्प फाइलही. ती योग्य फोल्डरमध्ये टाकली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, पुन्हा होमिंग, पुन्हा मास्टर. भोक सात: २४०.००९. नग फिरवून: २३९.९९९.

“जमलं!” पोरगा म्हणाला. पंधरावरून पाचवर आलं होतं. टॉलरन्सच्या मानाने पाच मायक्रॉन खपूनही गेले असते. खरं सांगते, संध्याकाळचे सहा वाजलेले, मलाही ते खपवावंसं वाटलं.

काका कॅलिब्रेशनच्या फायलींचा गठ्ठा घेऊन बसले होते. आमच्याकडे मशीन दरवर्षी कॅलिब्रेट होतं, म्हणजे तपासलं जातं. तपासून ठीक निघालं तर कुणी काही बदलत नाही. रिपोर्टमध्ये आकड्यांचा एकच रकाना असतो. काका दोन रकाने असलेला रिपोर्ट शोधत होते: करेक्शनपूर्वी आणि करेक्शननंतर. तो सापडला नोव्हेंबर २०१७ चा. त्या वर्षी आम्ही भोसरीतून चाकणला हललो होतो. मशीन सोडवून, उचलून, नव्या पायावर बसवलं होतं. पहिल्या रकान्यात एक्स-वाय काटकोन: ५.५ सेकंद. दुसऱ्यात: ०.६ सेकंद.

साडेपाच सेकंद म्हणजे १८० मिमीवर जवळजवळ पाच मायक्रॉन. आत्ता स्क्रीनवर तेच पाच दिसत होते. निळ्या सीडीवरचा नकाशा भोसरीच्या जमिनीवरचा होता. चाकणला आल्यावर लेझर लावून नवीन केलेला नकाशा कुणी सीडीवर घेतलाच नव्हता. तो फक्त मेलेल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर होता.

आता शोधायचं काय हे ठाऊक झालं. पोराने जुनी डिस्क पुन्हा जोडली, पूर्ण डिस्कवर नोव्हेंबर २०१७ मधल्या, रिपोर्टच्या तारखेला बदललेल्या फाइल्स मागितल्या. एकूण नऊ आल्या. सात प्रिंटच्या कचऱ्यातल्या. एक सर्व्हिसवाल्याचा लॉग. आणि एक आमची, सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये नाही तर थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये पडलेली. त्या काळच्या प्रोग्रामना आपल्या फाइल्स तिथे ठेवायची खोड होती. मी सांगितलेल्या तीन फोल्डरांत ती कधीच आली नसती. म्हणजे मी ‘सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर घे’ म्हणाले असते तरी नसती आली.

फाइल टाकली. मास्टर: २४०.००४. नग फिरवून: २४०.००३. लेंग्थ बार एका कर्णावर एक मायक्रॉन जास्त, दुसऱ्यावर दोन कमी. काकांनी वही काढली, तारीख टाकली, सात आकडे लिहिले आणि पुढे लिहिलं, ‘नवीन पीसी’. मग थंड झालेला वडापाव खाल्ला.

अकरा नगांचं काय झालं

पहिल्यांदा रिजेक्ट निघालेला नग पुन्हा मोजला. आधी भोक सात एक्समध्ये ०.०४३ आणि वायमध्ये ०.०१२ ने सरकलेलं दिसत होतं, पोझिशन ०.०८९. खरा एक्स निघाला ०.०२८, पोझिशन ०.०६१. म्हणजे चांगला नग आम्ही लाल पेटीत टाकला होता. हे परवडतं.

न परवडणारं दुसरं होतं. पास झालेल्या दहांपैकी एका नगात एक्स उण्या बाजूला ०.०३० दिसला होता, वाय ०.०१०, पोझिशन ०.०६३. माझी सही. खरा एक्स उणे ०.०४५ निघाला, पोझिशन ०.०९२. मशीनची चूक नगाच्या चुकीच्या उलट्या दिशेला होती आणि तिने ती झाकली होती. हा नग टेम्पोत चढला असता, ग्राहकाच्या लाइनवर डॉवेल पिन बसली नसती, आणि आमच्याकडे रिपोर्ट असता की सगळं ठीक आहे.

या नगाच्या मागे-पुढे बनलेले नग काढून मोजले, तेव्हा एका फिक्स्चरचा लोकेटर (नगाची जागा ठरवणारा टेकू) झिजल्याचं कळलं. त्या फिक्स्चरचे चाळीस नग बाजूला ठेवले. टेम्पो शनिवारी सकाळी गेला, कमी नग घेऊन. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकामध्ये ७.१.५.२.१ या कलमाखाली, मोजमापाचं साधन बिघडलेलं आढळलं तर आधीच्या मोजमापांचं काय याची नोंद हवी, आणि वापरातली सॉफ्टवेअरची आवृत्ती ठरवलेलीच आहे याचीही पडताळणी हवी. ऑडिटला आम्ही ते कलम वर्षानुवर्षं ‘आवृत्ती: अमुक’ एवढं लिहून भागवायचो. आवृत्ती तर त्या शुक्रवारीही तंतोतंत तीच होती.

नग बाहेर गेलेला नसल्यामुळे ग्राहकाला कळवण्याची वेळ आली नाही. साहेबांनी तरीही कळवलं. मला ते तेव्हा अनावश्यक वाटलं होतं. पुढच्या ऑडिटला त्यांच्या माणसाने पहिली गोष्ट काकांची वही मागितली.

उरलेल्या किरकोळ गोष्टी

पुढच्या आठवड्यात आणखी दोन लोचे झाले. मंगळवारी लांब प्रोग्राम चालू असताना मशीन मध्येच थांबलं, स्टायलस एका बोअरमध्ये अडकलेली. कॉम्प्युटर झोपला होता. तीस मिनिटं माउस हलला नाही की झोपायचं, ही अकाउंट्समधली जुनी सवय. स्लीप बंद केलं, स्क्रीनसेव्हर बंद केला, यूएसबीची वीज वाचवायची सोय बंद केली, नाहीतर डोंगल झोपी जायचा. दुसरं, रिपोर्टवर तारखेत महिना आणि दिवस उलटे छापले जात होते. विंडोजची रीजन सेटिंग बदलल्यावर सुटलं.

सोमवारी सर्व्हिसचा इंजिनीअर आला. त्याने स्टेप गेज, म्हणजे ठरलेल्या अंतरांच्या पायऱ्यांचं माप, लावून तपासणी केली. आयएसओ १०३६०-२ या सीएमएम तपासण्याच्या मानकाप्रमाणे पूर्ण तपासणी करायची तर सात जागी पाच-पाच लांब्या तीन-तीन वेळा, म्हणजे १०५ मोजमापं. एक अख्खा दिवस गेला. सगळं हमीत बसलं. जाताना तो म्हणाला की अशी केस तो पहिल्यांदा बघत नाहीये; फरक एवढाच की इथे मशीन हललं नाही हे सांगणारी वही होती.

आता कॉम्प फाइल चार जागी आहे: सर्व्हरवर, पेनड्राइव्हवर, निळ्या सीडीच्या जागी आलेल्या पिवळ्या सीडीवर, आणि छापून कॅलिब्रेशनच्या फायलीत. छापील प्रत हा काकांचा आग्रह. अठ्ठावीस पानं झाली. सगळ्या प्रतींवर २०१७ च्या रिपोर्टचा नंबर लिहिलाय, म्हणजे नकाशा कुठल्या जमिनीचा ते कळावं. पोराने जुन्या डिस्कची पूर्ण इमेज काढून ठेवली आणि कॅबिनेटवर मार्करने लिहिलं: ‘मास्टर सरळ आणि आडवा लावल्याशिवाय रिपोर्ट देऊ नये.’

मग आम्ही उत्साहाने शेजारच्या काँटूर मशीनकडे (नगाच्या कडेचा आकार मोजणाऱ्या) वळलो. तेही एक्सपीवरच. त्याच्या करेक्शनची फाइल कुठे असेल म्हणून शोध घेतला, तर ती डेस्कटॉपवरच सापडली, ‘न्यू फोल्डर ३’ मध्ये, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंबरोबर.